बीजेची कोर

माझी बहीण जयवंता माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी तिला बाय म्हणायचो. आमची आई गेली तेव्हा मला नुकते पाय फुटले होते, आणि तेव्हापासून बायनं मला कडेवर घेऊनच पाणी भरलं, शेण काढलं, आमच्या कोंडाणे गावच्या रानातून लाकडं आणली. मला त्यातलं काही आठवत नाही, गावातली जाणती माणसं सांगायची. मला आठवतं ते एवढंच, की ती लग्न होऊन कडावला निघाली तेव्हा मी बैलगाडीमागं धावलो, पायात काटा मोडला आणि गाडी थांबली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी बाजू काही फार चांगली दिसत नाही.

कडाव कोंडाण्याहून फार लांब नाही. वडील होते तोवर आणि ते गेल्यावरही मी दर भाऊबीजेला बायकडं जायचो. ती पाटाभोवती रांगोळी काढायची, मला ओवाळायची, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढायची, आणि मी जेवलो की मग स्वतः जेवायची. भावाला ओवाळल्याशिवाय बहिणीनं त्या दिवशी तोंडात काही घालायचं नाही, असा आमच्या घरचा रिवाज. तिचा नवरा नामा, माझे दाजी, बाजूला बसून तंबाखू मळायचे. त्यांची पोरं जगली नाहीत. घरात दोघंच, गोठ्यात दोन म्हशी, आणि बायचं माहेर म्हणजे मी एकटा.

मग माझी बायको कोंडी बाळंतपणात गेली. मूलही गेलं. त्यानंतर कोंडाण्यातल्या घरात माझं मन लागेना. जमीन चुलतभावाला कसायला दिली आणि मी खालापूरजवळ कुंभिवलीला येऊन मुंबई-पुण्याच्या रस्त्याला लागून चहाचं दुकान टाकलं. दुकान कसलं, चार खांब आणि वर पेंढा. पण लढाई सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. रस्त्यावरून लष्कराच्या लॉऱ्यांची रांग लागायची आणि घाट चढण्याआधी इंजिनात पाणी ओतायला त्या कुंभिवलीला थांबायच्या. पाणी मी द्यायचो, पाण्याबरोबर चहा जायचा. दिवसभर माणसांचा गलबला, आणि त्यातलं एकही माणूस माझं नाही. तेव्हा मला तेच बरं वाटत होतं.

पहिल्या वर्षी मी भाऊबीजेला गेलो नाही त्याला खरं कारण होतं. मला हिवताप आला होता, अंगावर चार गोधड्या घेऊन दुकानातच पडलो होतो. दुसऱ्या वर्षी दुकान सोडून जाता येईना. तिसरं वर्ष बेचाळीसचं. रस्त्यावर पोलिसांचा पहारा, कोण कुठं चाललाय याची विचारपूस. जायचंच असतं तर रानातल्या वाटेनं जाता आलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. चौथ्या वर्षी काय कारण होतं ते आता आठवत नाही. पुढं तर कारण शोधायची गरजच उरली नाही. न जाण्याची सवय झाली की उलट जायलाच कारण लागतं, आणि कुठल्या तोंडानं जायचं ही लाजही होतीच. लाज वाटली की मी चिडतो, हा माझा जुना स्वभाव. मी मनातल्या मनात बायवरच चिडायचो, की माझ्यावाचून एवढं काय अडलंय तिचं.

ती मात्र दर वर्षी निरोप धाडायची. तो घेऊन यायचा अली. सुकी मासळी तट्टावर लादून तो पनवेलकडून निघायचा, गावं घेत घेत कर्जतला, तिथून कडावला, आणि त्याच वाटेनं परत. त्याच्या टोपल्यांत बोंबील आणि डोक्यात पाच-पन्नास घरचे निरोप, पण एकाचा निरोप दुसऱ्याला कधी गेला नाही. दसरा झाला की तो माझ्या दुकानापुढं तट्टू उभं करून सांगायचा, की बायनं विचारलंय, बीजेला येतोस ना. मी म्हणायचो, सांग तिला, बघतो. या 'बघतो'वर मी सहा वर्षं काढली. एका वर्षी तिनं त्याच्या हाती करंज्या पाठवल्या होत्या. त्यांना सुकटीचा वास लागला होता. मी त्या सगळ्या एकट्यानं खाल्ल्या, आणि तरी गेलो नाही.

लढाई संपली तशा लॉऱ्या कमी झाल्या. ज्या यायच्या त्याही न थांबता पुढं जायच्या. दुपारभर दुकानात मी आणि माशा. कुंभिवलीची माणसं वाईट नव्हती, पण दुकानाची फळी लावल्यावर जेवलास का म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. इतकी वर्षं ज्या ड्रायव्हरांना मी तापानं फणफणलेला असताना उठून चहा करून दिला, त्यांच्यातला एखादा तरी आपणहून थांबेल, ख्यालीखुशाली विचारेल, असं मला वाटायचं. थांबलं कुणीच नाही. नवा तांदूळ घेऊन चुलतभाऊ येईल असं वाटायचं, तोही यायचा नाही. मी सगळ्यांवर रागावून होतो, आणि त्यांच्यापैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

शेहेचाळीसच्या दसऱ्यानंतर अली आला. बसला, चहा प्याला, उशिरापर्यंत रेंगाळलेल्या पावसानं मासळी कशी नासली ते सांगितलं, आणि उठून तट्टाचा दोर सोडायला लागला. मी त्याच्यामागं जाऊन विचारलं, की कडावला गेला होतास ना.

"गेलो व्हतो की. बाय बरी हाय. दुपारचा तिच्याकडंच जेवलो."

"मंग निरोप?"

"निरोप काय नाय यंदा," तो सहज म्हणाला आणि चालू लागला.

सहा वर्षं ज्या निरोपाला मी उडवून लावत आलो, तो आला नाही म्हणून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आधी वाटलं ती आजारी असेल, पण अली तर बरी आहे म्हणाला होता. मग वाटलं, रुसली असेल. रुसवा मला चालणार होता. रुसलेलं माणूस पाठ फिरवून बसलेलं असलं तरी त्याचे कान आपल्याकडंच असतात. मी कंट्रोलच्या दुकानात रांग लावून बायसाठी एक लुगडं मिळवलं. त्या काळी कार्डावर जे मिळेल ते मुकाट घ्यायचं, रंग निवडायची सोय नव्हती. मला हिरवं मिळालं, तिच्या आवडीचं, आणि तो मी शुभशकुनच धरला.

बीजेच्या दिवशी उजाडता निघालो. खालापूर, पळसदरी, मग कर्जत. दोन्ही अंगांना भाताची कापणी चालली होती, आणि मी वाटभर मनात बोलणी जुळवत होतो. बाय आधी बोलायचीच नाही. मग डोळ्यांना पदर लावेल. मग म्हणेल, सहा वर्षांनी आठवण झाली का. तेव्हा मी हिवतापापासून सुरुवात करणार होतो. बेचाळीसचे पोलीस जरा वाढवून सांगणार होतो. शेवटी ती हसेल आणि मी लुगडं पुढं करीन, असं सगळं ठरलं होतं. कर्जत ओलांडल्यावर पाय भरून आले म्हणून एका झाडाखाली टेकलो, तिथं डोळा लागला, आणि उशीर झाला. कडावच्या शिवारात शिरलो तेव्हा सूर्य माथेरानच्या डोंगराआड गेला होता.

बायच्या अंगणाच्या कुडाशी आलो आणि जागीच थांबलो. अंगणात दोघी उभ्या होत्या, बाय आणि शेजारची चिंधी. दोघींच्या हातात ताटं, ताटांत पेटलेले दिवे, आणि तोंडं पश्चिमेकडं. माथेरानच्या माथ्यावर बीजेची कोर होती. चिंधीला भाऊ नव्हता. ती दर वर्षी चंद्राला भाऊ मानून ओवाळायची, हे मला माहीत होतं. भाऊ नसलेल्या बायका तसं करतातच, आणि ज्यांचा भाऊ परगावी आहे त्याही कुठं कुठं करतात. पण आमच्या आजीनं आमच्या घरात एक धाक घालून ठेवला होता. भाऊ जिवंत असताना बहिणीनं चंद्राला ओवाळलं, तर भावाचं आयुष्य उणं होतं. हे मी बायच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं. आणि तीच बाय माझ्या डोळ्यांदेखत ताट वर धरून ओवाळत होती. मग तिनं अक्षता आभाळाकडं टाकल्या, ताटातला गूळ मोडून अर्धा चिंधीच्या तोंडात घातला, अर्धा आपल्या. चिंधी काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

मी कुडाबाहेर चांगला जिवंत उभा होतो, काखेत लुगडं घेऊन.

चिंधी तिच्या घरी गेल्यावर मी आत शिरलो. बायनं डोळे बारीक करून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. तो खोटा नव्हता, हे कबूल करायला हवं. ये रं धाकल्या, म्हणाली. पायांवर पाणी घातलं, दाजींना हाक मारली, माझा दंड चाचपून वाळलास म्हणाली. दुकान कसं चाललंय, रस्त्यावर अजून लॉऱ्या असतात का, सगळं विचारलं. मी वाट बघत होतो. इतकी वर्षं का आला नाहीस, एवढंच ती विचारत नव्हती. ती ते विचारणारच नाही हे माझ्या ध्यानात आलं, तशी माझी सगळी तयारी वाया गेली आणि माझा स्वभाव उसळला.

"मी जिता असताना चंद्राला ओवाळलंस, बाय?"

ती चुलीकडं निघाली होती, ती थांबली. "ओवाळलं."

"आजीचं बोलनं इसरलीस?"

"नाय इसरले. वाईच भ्याले बी." ती येऊन माझ्याजवळ ओटीवर बसली. "सा वरसं उपाशी र्‍हाऊन तुजं आयुष्य राखलं मी. आता तू मोटा झालास, धाकल्या. आता तुजं तू राख."

ते उपाशी राहण्याचं मला कळेना. मग दाजींनी सांगितलं. ते कमी बोलणारे, आणि सांगतानाही त्यांचं लक्ष तळहातावरच्या तंबाखूकडं होतं. दर बीजेला बाय पहाटे अंगण सारवायची, पाट मांडायची, स्वयंपाक करायची, आणि ओवाळायचं ताट घेऊन उंबऱ्यात बसायची. बीजेची कोर ती किती वेळ राहणार. सूर्य गेला की जेमतेम घटकाभर दिसते आणि माथेरानमागं उतरते. चिंधी अंगणातून हाक मारायची, की ये, निदान चंद्राला तरी ओवाळ आणि दोन घास खा. बाय म्हणायची, धाकला वाटेत असेल. तोवर कोर बुडायची. मग ओवाळायला भाऊ नाही आणि चंद्रही नाही, आणि ओवाळल्याशिवाय जेवायचं नाही, म्हणून ती तशीच निजायची. सकाळी ते बिरडं म्हशीपुढं जायचं.

मी इतकंच म्हणालो, की मला हे कुणी सांगितलं नाही.

"तेच तर," बाय म्हणाली. "गेल्या बीजेला बसल्या बसल्या मनात आलं, धाकला तिकडं जेवला असंल, निजला असंल. उपाशी मी हाय, आन त्याला ठावं बी नाय. ठावं हाय ते म्हशीला." ती हसली. "मंग उठले, आन तशीच अंधारात बसून जेवले. लय गोड लागलं बग. तवाच ठरवलं, आता निरोप धाडायचा नाय. निरोप धाडला की मन वाटंला लागतं. तू आलास तर मला आनंद हाय. नाय आलास तर माजं जेवन अडत नाय."

मी तिच्या आवाजात राग शोधत होतो. राग असता तर मी त्याला धरून बसलो असतो, भांडलो असतो, रडलो असतो, आणि शेवटी सगळं पहिल्यासारखं झालं असतं. पण तो नव्हता. पाऊस उघडल्यावर आपण अंगणात गोधड्या वाळत घालतो, तितक्या साधेपणानं ती बोलत होती. मग म्हणाली, दिव्यात तेल आहे अजून, बस पाटावर, तुला ओवाळते.

तेव्हा मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, चंद्राला ओवाळलेलं उष्टं ताट मला नको. लहानपणापासून मी नको म्हटलं की बाय तीनदा विनवायची आणि चौथ्यांदा मी ऐकायचो. कपडे घालायचे असोत, भाकरी खायची असो, आमचा हा खेळ ठरलेला. मी भिंतीकडं तोंड करून पहिल्या विनवणीची वाट बघत बसलो. बायनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, "बरं" म्हणाली, पदरानं दिवा शांत केला आणि ताट फडताळात ठेवून दिलं. मग तिनं मला जेवायला बोलावलं.

जेवताना ती दाजींशी म्हशीच्या दुखऱ्या खुराबद्दल बोलत होती. मलाही त्यात ओढून घेत होती, जेवण पोटभर वाढत होती. मी त्या घरात पाहुणा झालो होतो. लुगडं मी काढलंच नाही. ती पुन्हा एकदा ओवाळू का म्हणेल तेव्हा देईन म्हणून उशाशी ठेवलं, आणि ती म्हणाली नाही. सकाळी तिनं नव्या भाताचे पोहे बांधून दिले. ती कुडापर्यंत आली. वळणावरून मी मागं बघितलं तेव्हा ती आत कामाला गेलेली होती.

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. माझी वाट बघणारं जगात कुणी नाही, ही गोष्ट आधीही माझ्या बोलण्यात असायची. पण ती बोलण्यापुरती होती. तेव्हा कडावला उंबऱ्यात कुणीतरी बसलेलं होतं, आणि ते बसलेलं असणारच हे धरून मी खुशाल एकटा राहत होतो. आता दुकानाची फळी लावली की खरोखरच काही नव्हतं. लुगडं वळचणीला टांगलेलं होतं. कधी ते काढून पेटवून द्यावंसं वाटायचं, कधी घेऊन तसंच कडावला चालत सुटावंसं वाटायचं. दोन्ही केलं नाही, दुकान झाडलं आणि चहाचं आधण ठेवलं.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात अली दोन महिने फिरकला नाही. देशात काय काय चाललं होतं त्याच्या बातम्या रस्त्यावरूनच यायच्या, त्यांतल्या खऱ्या किती आणि खोट्या किती कळायचं नाही. मी रोज बाहेर येऊन पनवेलच्या दिशेनं बघायचो. शेवटी भाद्रपदात तो आला, तट्टू घेऊन, नेहमीसारखा. मी त्याला चहा द्यायच्या आधी शिव्या दिल्या. त्याची बायको बदरुन्निसा आजारी होती, म्हणून घर सोडलं नव्हतं.

"तुमी वाट बगत व्हतात?" तो म्हणाला. "मला काय ठावं."

त्याची काहीच चूक नव्हती. मी त्याला कधी जेवूनही जा म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, आणि जाताना बायला निरोप दिला, की मी बीजेला येतो. बघतो नाही, येतो. परतीला अलीनं तिचं उत्तर आणलं. बाय म्हणाली होती, ये. मी आणखी काही म्हणाली का ते दोनदा विचारलं. आणखी काही नव्हतं.

त्या बीजेला मी कोंबड्याच्या आरवण्याला निघालो आणि वाटेत कुठं टेकलो नाही. उन्हं कलायच्या आत कडावात होतो. घराला कडी घातलेली होती. समोरच्या अंबाबाईनं सांगितलं, की चिंधीची लेक नदीपलीकडं दिलीय, ती बाळंत झाली, म्हणून बाय आणि चिंधी बाळ बघायला गेल्यात. नामा खळ्यावर आहे, तो रात्रीच येईल. जेवण झाकून ठेवलंय, धाकला आला तर त्याला जेवून घ्यायला सांग, असं बाय बजावून गेलीय.

मी येतो म्हणून कळवलं होतं, आणि ती गेली होती. माझं डोकं तापलं. पण मागच्या वेळी डोकं तापवून काय मिळालं ते आठवलं आणि मी कडी काढून आत गेलो. चुलीशी बिरडं आणि भाकरी झाकलेली होती. लुगडं तिच्या दांडीवर इतर कपड्यांत घडी करून ठेवलं. ते देताना तिनं माझ्याकडं कसं बघावं हे मी वर्षभर ठरवत होतो, म्हणून म्हटलं, ते बघायला आपण तिथं नकोच. जेवणाला मात्र हात लावला नाही. भाऊबीज आहे, तिनं ओवाळल्याशिवाय मीही खाणार नाही, असं मनाशी धरलं आणि उंबऱ्यात जाऊन बसलो.

मी तिथं बसलो ते तिला दिसावं म्हणून, हे खरं. पण बघायला कुणी नव्हतं. ऊन उतरलं. गुरं आली. घराघरांतून भाऊ आल्याचे आवाज येत होते, कुणाकडं पोरं ओरडत होती, कुणाकडं ताटं मांडत होते. नदीच्या वाटेवर कुणी दिसलं की मी उठायचो, ते दुसऱ्याच घरी वळायचं, मी खाली बसायचो. पोटात आग पडली होती. सूर्य गेला आणि माथेरानवर कोर दिसली, नखाएवढी. ती बुडताना मी तोवर कधी बघितली नव्हती. आधी वाटतं खूप वेळ आहे. मग ती डोंगराला टेकते, आणि आपण वाटेकडं एकदा बघून परत वर बघेतो नसते. मी एक संध्याकाळ बसलो होतो, तीही घरात शिजलेलं अन्न असताना, आणि ती येणार हे माहीत असताना. बाय अशा सहा बसली होती. मला फार एकटं वाटलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

अंधार पडल्यावर कंदील हलताना दिसला. बाय चिंधीला तिच्या दारी सोडून आली. तिनं नदीकाठच्या बांधावरूनच चंद्राला ओवाळलं होतं, गूळ खाल्ला होता, चिंधीच्या लेकीकडं जेवली होती. मला बघून तिनं कंदील खाली ठेवला.

"आलास? जेवलास न्हवं?"

"नाय."

"का रं? अंबाबाईनं सांगितलं नाय?"

"सांगितलं. तुजी वाट बगत व्हतो."

ती माझ्या शेजारी उंबऱ्यातच बसली, दमलेली, गुडघे दाबत. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून हळूच म्हणाली, "उगाच रं. जेवून घ्यायचंस."

त्यात टोमणा नव्हता. माझी कीव नव्हती. कुणीही कुणासाठी उपाशी बसू नये, मीसुद्धा, एवढंच तिला वाटत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ती ओवाळायचं ताट आणायला उठायला लागली, तिला मी हाताला धरून बसवलं. म्हटलं, आधी जेवतो.

मी गार बिरडं आणि भाकरी खाल्ली. ती बाळाचं सांगत बसली, जावळ किती दाट, नाक कुणावर गेलंय. त्यावरून मी विचारलं, की आई दिसायला कशी होती. हे मी तिला आजवर कधी विचारलं नव्हतं, तिच्याकडं यायचो तेव्हा माझंच सांगणं चालायचं. ती सांगत राहिली. दाजी खळ्यावरून आले, तेही ऐकत बसले. तेल संपून कंदील बारीक झाला तरी आम्ही बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी निघालो. कर्जत मागं टाकून पळसदरीच्या वाटेला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिनं मला ओवाळलंच नाही. दोघांच्याही ध्यानातून गेलं होतं. मी वाटेत उभा राहून एकटाच हसलो, आणि परत फिरलो नाही.